बिब्ब्याचा तिसरा डाग

ऑपरेशन झालं त्या दुपारी मायच्या अंगातून काढलेला भाग प्लॅस्टिकच्या पांढऱ्या बरणीत घालून नर्सनं माझ्या हातात दिला. बरणीला चिकटपट्टी लावलेली, तिच्यावर मायचं नाव, वय आणि ‘उजवा स्तन’. आमच्याकडे असंच चालतं. दवाखाना एकीकडे, तुकडा तपासणारी लॅब दुसरीकडे, आणि मधला रस्ता पेशंटच्या माणसानं कापायचा. मी रिक्षा थांबवली, मस्तगडला चला म्हणाले आणि बरणी मांडीवर घेऊन बसले. शेजारी मामा. मायचे धाकटे भाऊ. वाटूरकडं मेंढरं राखतात. त्या दिवशी मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडून आले होते, त्यामुळे जीव निम्मा तिकडं.

“जड हाय का?” त्यांनी विचारलं.

“आहे थोडी.”

“दे हिकडं, मी धरतो.”

“नको मामा. नीट धरलीय मी.”

त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग बरणीकडं न बघता म्हणाले, “हे वापस देतेत का?”

“कशाला वापस?”

“कशाला म्हंजी? बाईचं अंग हाय ते. मातीत घालाया नगं?”

रिक्षावाल्यानं आरशातून एकदा आमच्याकडं बघितलं. मी मामांना सांगितलं, की तपासून झालं की लॅबवाले काही दिवस ठेवतात, मग दवाखान्याच्या बाकी कचऱ्याबरोबर जाळायला जातं.

“कचऱ्याबरोबर,” मामा म्हणाले. नंतर बऱ्याच वेळानं, “दाताचा डाक्टर बी दात वापस देत न्हाई. मागितला व्हता म्या.”

त्या वेळी तुला कसं वाटलं गं, असं मला नंतर पुष्कळ जणींनी विचारलं. काही वाटलं नाही. झाकण घट्ट बसलंय ना आणि खड्ड्यात बरणी कलंडत नाही ना, एवढंच मी बघत होते. फॉर्मेलिनचा वास नाकात बसला होता. तो वास मला कॉलेजपासून माहीत आहे.

माझ्याबद्दल सांगायचं तर आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाप, आजा, पणजा, सगळे मेंढरांमागं गेले. मी बीएस्सी झाले, कुणाची चिठ्ठी न नेता जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत लागले, आणि तिथं उगवण तपासते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून कपाटात उभे ठेवायचे, ठरलेल्या दिवशी उघडून उगवलेले किती, मेलेले किती, वेडेवाकडे निघालेले किती ते बघायचं. माझ्या सहीशिवाय लॉट पुढं जात नाही. हे मी कुणालाही अभिमानानं सांगते. वडील मी शिकत असतानाच गेले. मी जालन्यात दोन खोल्या करून राहिले आणि माय गावाकडं एकटी.

गाठ मायला आधी कळली, मला फार उशिरा. मी गावी गेले की माय न्हाणीतून हाक मारायची, पाठ चोळायला. त्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा हाक आली नाही. मी पडदा सारून आत गेले. तिच्या उजव्या छातीवर, वरच्या अंगाला, काळे डाग.

“हे काय गं माय?”

“बिब्बा.”

“कशाला?”

“गाठ आल्ती. जिरंल म्हनलं.”

“जिरली का?”

“जिरली असती तर तुला बलावलं नसतं का पाठ चोळाया?”

बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरतात. त्यातून तेल सुटलं की त्याचा टिपका अंगावर ठेवतात. कातडी जळते, फोड येतो, फोड बरा झाला तरी काळा डाग राहतो तो राहतोच. मेंढीची कास दगडावानी घट्ट झाली की आमच्याकडं हेच करतात. मेंढीला चालतं ते माणसाला का चालू नये, असा आमच्या माणसांचा हिशेब. बिब्ब्यानं मायला काडीचा गुण आला नाही. उलट त्याच्या भरवशावर गाठ वाढत राहिली. कुणी मला गावठी इलाजाचं कौतुक सांगायला लागलं तर मी ऐकून घेत नाही, उठून जाते.

मी तिला जालन्याला आणलं. तुकडा काढला, कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले गाठ मोठी आहे, आधी औषधानं मारू, मग ऑपरेशन करू. मग सलाईन सुरू झाली. दर खेपेला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, माय खुर्चीत बसायची, आणि वरून थेंब थेंब पडत राहायचं. केस गेले. तोंडाची चव गेली. शेवटच्या औषधांनी हातापायाची बोटं बधिर झाली. भाकर उलटताना बोट भाजलं तर तिला ते वासावरून कळायचं. सुईत दोरा ओवता येईना, मेंढीच्या लोकरीत हात घातला तर लोकर हाताला लागेना. चपला पायातून निघून मागं राहिल्या तरी ही पुढं चालत जायची.

गाठ मात्र वितळली. होता होता डॉक्टरांच्या हाताला काही लागेना आणि सोनोग्राफीत काही दिसेना.

“मंग आता कापायचं कशाला?” मायनं डॉक्टरांना विचारलं. “गेली ना ती?”

“गेली का लपली, ते काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही, मावशी,” डॉक्टर म्हणाले. “काही उरलं असेल तर पुढं गोळ्या द्याव्या लागतील, बरेच महिने. काहीच उरलं नसेल तर त्या टळतील.”

माय तिथं काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर बोलली. “कापून घेते. पन त्याच्यामागून अवशद न्हाई. सुई न्हाई, गोळी बी न्हाई. मला माझी बोटं पाह्यजेत.”

मी हो म्हणाले. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं, की तुकड्यात काही निघालं नाही म्हणजे झालं. मग भांडण नको आणि समजूत घालणंही नको.

लॅबमधल्या डॉक्टर बाई माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. चष्मा डोक्यावर सरकवलेला. बरणी घेतली, जुने कागद एकेक करून वाचले.

“किमोनंतरचं आहे हे. औषध सुरू करण्याआधी गाठीत क्लिप बसवली होती का?”

“कसली क्लिप?”

“धातूची बारीक खूण असते. गाठ विरघळली तरी ती कुठं होती ते कळावं म्हणून.”

“नाही बसवली. आम्हाला कुणी बोललं पण नाही.”

“बरं. शोधू,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं की नेमकं काय शोधणार. मला विचारायची लाज वाटत नाही. विचारलं नसतं तर बीएस्सी झाले नसते. त्यांनीही उभ्या उभ्या नीट सांगितलं. आधी पावासारख्या चकत्या करायच्या. संशयाच्या जागेचे लहान तुकडे मेणात बसवायचे, त्याचे कागदाहून पातळ काप काचपट्टीवर घ्यायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचे. “औषधानं गाठ मेली तरी तिची जागा राहते,” त्या म्हणाल्या. “पांढरट, चिवट, जखम भरल्यासारखी. आधी ती जागा सापडली पाहिजे. मग त्या जागेत काही जिवंत उरलंय का ते बघायचं.”

“बाई,” मामा मागून म्हणाले, “ते वापस…”

“चला मामा,” मी म्हणाले.

माय घरी आली. बगलेखाली नळी आणि नळीला रक्तपाणी साठायचा डबा लोंबत असायचा. मी सकाळी तो रिकामा करायचे, टाके पुसायचे, आणि कामावर जायचे. रिपोर्टची वाट बघत होते असंही म्हणता येणार नाही. दिवस येत होते, जात होते.

एका दुपारी मी कागदाच्या गुंडाळ्या सोडत होते तेव्हा लॅबमधून फोन आला. डॉक्टर बाई स्वतः.

“रिपोर्ट झाला का मॅडम?”

“नाही हो. मला गाठीची जागा सापडत नाहीये. औषधाआधीच्या सोनोग्राफीत वरचा बाहेरचा भाग एवढंच लिहिलंय, आणि तो भाग मोठा आहे. तुमच्या सर्जननाही विचारलं, ते म्हणाले हाताला काहीच लागत नव्हतं. पण कातडीवर दोन काळे डाग आहेत. ते कसले?”

“बिब्ब्याचे.”

त्यांना बिब्बा समजावून सांगायची गरज पडली नाही. “गाठीवर घातला होता का?”

“हो,” मी म्हणाले.

“मलाही तसंच वाटलं. म्हणून मी त्या डागांच्या बरोबर खालचे तुकडे घेतले. तिथं नुसती चरबी आहे. कॅन्सर नाही. पण भरलेली जखमही नाही.”

“कॅन्सर नाही ना? मग तसं लिहा ना, काही उरलं नाही म्हणून.”

“गाठ जिथं होती ती जागा बघितल्याशिवाय तसं लिहिता येत नाही. मी आणखी चकत्या बघतेय. तुम्ही आईंना एकदा विचारून बघा.”

फोन ठेवला आणि मी पुढची गुंडाळी सोडली. त्यांचं म्हणणं मला कुणी समजवायला नको होतं. भलत्याच पोत्यातले दाणे काढून तपासले आणि सगळे बराबर उगवले, म्हणून काही लॉट पास होत नाही. असा नमुना माझ्याकडं आला तर मीच परत पाठवते. पण त्या दिवशी मला वाटत होतं, की कुणीतरी एकदा न तपासता सही करावी आणि विषय संपवावा.

संध्याकाळी घरी आले तेव्हा माय डाळ निवडत बसली होती. खडा बोटाला लागत नाही म्हणून ताट उंबऱ्यात, उजेडाला घेऊन बसायची आणि डोळ्यांनी निवडायची.

“माय, बिब्बा गाठीवरच घातला होता ना तू?”

“गाठीवर?” लहानपणी माझ्यामुळं मेंढरं लोकाच्या रानात घुसली की ती जशी बघायची तशी बघितलं. “गाठीवर बिब्बा घालतेत का कुठं? फुटंल ना ती.”

“मग कुठं घालतात?”

“भवतालनं. तीन टिपके, चुलीच्या दगडावानी. मधी गाठ. म्हंजी ती हिकडं-तिकडं सरकत न्हाई.”

“लॅबवाल्या डॉक्टर तर म्हणतात दोनच डाग आहेत.”

“दोन तिकडं गेले बरनीत. एक हितं हाय.”

तिनं पदर बाजूला केला, डाव्या हातानं हुक ओढून काढले. टाक्यांची आडवी रेघ, आणि रेघेच्या पलीकडं, काखेच्या अंगाला, काळा डाग. तो मी रोज बघत होते. नळीचा डबा काढताना, टाके पुसताना, रोज माझ्या डोळ्यांसमोर. दोन तिकडं आणि एक इकडं, असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“शिकलेली बाई,” माय म्हणाली. “मेंढीला घालताना कितींदा तरी पाह्यलं असंल तू.”

“मी कुठं बघत होते? मी अभ्यास करायचे.”

“व्हय. बांधावर बसून. आन् मेंढरं लोकाच्या ज्वारीत.” मग तिनं विचारलं, “पन हे कशाला इचारून राह्यली तू?”

मी तिला सगळं सांगितलं. लपवावं असं वाटलं नाही, आणि लपवायला अंगात जोरही नव्हता. त्यांना जागा सापडत नाही, त्या दोन डागांखाली काही नाही, तिसऱ्या डागाचं त्यांना माहीत नाही.

“आन् न्हाई घावली जागा तर?”

“तर काहीतरी मोघम लिहितील. इथं-इथं बघितलं, काही मिळालं नाही, असं.”

“मंग गोळ्या न्हाई.”

“बहुतेक नाही.”

“आन् घावली तर?”

“तर काही उरलंय का ते कळेल. उरलं असेल तर डॉक्टर गोळ्या सांगणार.”

माय डाळीकडं बघत राहिली. ब्लाउज उघडाच होता. तिनं एक हुक लावायला घेतला. हुक काजात जाईना. बोटं हुकावर होती, पण तिला ती कुठं आहेत ते कळत नव्हतं, मान खाली घालून बघावं तर हुक हनुवटीखाली. दोन-तीनदा करून बघितलं आणि हात खाली सोडला.

“आधी हुक लाव माझे,” ती म्हणाली. “मंग लाव फोन.”

मी हुक लावले. मग फोन लावला. डॉक्टर बाईंनी विचारलं की तिसरा डाग टाक्यांपासून किती लांब आहे. मी म्हणाले फोटो पाठवते, आणि मग लावलेले हुक परत काढावे लागले.

“माझा फोटू?” माय म्हणाली.

“तेवढ्याच जागेचा.”

“थांब. वरून पदर येऊ दे. म्हाताऱ्या बाईचा काय फोटू काढून राह्यली.”

पट्टी शेजारी धरून मी फोटो काढला आणि पाठवला.

चार-पाच दिवसांनी मी रिपोर्ट आणायला गेले. डॉक्टर बाईंनी मला बाहेर न थांबवता आत बोलावलं. “जागा सापडली,” त्या म्हणाल्या. “ते दोन आणि तुमच्या आईंच्या अंगावरचा एक, बरोबर मध्ये. कातडीचा काप जिथं संपतो त्याच्याही पुढं, काखेकडं. क्लिप असती तर पहिल्याच दिवशी मिळाली असती.”

“उरलंय का काही?”

“बघायचंय?”

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. फिकट गुलाबी, पसरट, नांगरून सोडलेल्या रानासारखं काहीतरी. ती मेलेल्या गाठीची जागा, त्या म्हणाल्या. मग त्यांनी काचपट्टी थोडी सरकवली. गुलाबीत एका कोपऱ्यात जांभळे ठिपके, पाच-सहा एकत्र, त्याच्या शेजारी आणखी थोडे.

“हे?”

“हे. थोडं आहे. बहुतेक सगळं मेलंय, औषधानं काम चांगलं केलंय. काखेतल्या काढलेल्या ग्रंथी स्वच्छ आहेत, कापलेल्या कडाही स्वच्छ आहेत. पण काहीच उरलं नाही असं नाही.”

मी आणखी थोडा वेळ बघत राहिले. रडू आलं नाही. गुंडाळी उघडल्यावर सगळे दाणे मेलेले आणि एका कोपऱ्यात दोन-चार कोंब दिसले, तर ते कोंब सोडून लिहिता येत नाही. मी कधी सोडले नाहीत. मी रिपोर्ट पिशवीत घातला, बरं म्हणाले आणि बाहेर आले. बाहेर नेहमीसारखी गर्दी होती. कोथिंबीर स्वस्त होती, ती घेतली.

“घावली का?” मायनं दारातच विचारलं.

“सापडली.”

“मधीच व्हती?”

“बरोबर मध्ये.”

“म्या म्हनलंच व्हतं,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात बऱ्याच महिन्यांनी जरा तोरा होता. मग तो गेला. “उरलं हाय?”

“थोडं.”

तिनं माझ्या हातातून कोथिंबीर घेतली आणि आत गेली.

मामांचा फोन आला. त्यांनाही सांगितलं.

“थोडं म्हंजी किती? लिंबाएवढं?”

“नाही मामा. डोळ्याला दिसत नाही एवढं.”

“दिसत न्हाई तर अवशद कशाला द्यायचं त्याला?”

“मेंढराला खरूज करणारे किडे दिसतात का तुम्हाला?”

“न्हाई.”

“मग मेंढरं औषधाच्या पाण्यात कशाला बुडवता?”

“बराबर,” मामा म्हणाले. “पन तिला इचार. तिचे हात हायेत.”

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. तळहात-तळपाय लाल होतील, कधीकधी सोलतील, असंही सांगितलं. मायनं सगळं ऐकलं आणि हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. मी गोळ्यांची पाकिटं चहाच्या डब्याशेजारी ठेवली. घे म्हणाले नाही. तिनं अट घातली होती तेव्हा मीच हो म्हणाले होते.

पाकिटं तिथंच पडून राहिली. माय चहाचा डबा काढायची, पाकिटं बाजूला सरकवायची, चहा टाकायची, डबा परत ठेवायची. मी बघायचे आणि कामावर जायचे.

एके सकाळी भाकर खाऊन झाल्यावर ती उठली, एक पाकीट काढून आणलं आणि उंबऱ्यात, डाळ निवडायला बसते तिथं बसली. गोळीवर अंगठा ठेवून दाबायला लागली. गोळी निघेना. अंगठा घसरून कडेला जायचा, आणि तो घसरलाय हे तिला कळायचं नाही, ती तिथंच दाबत राहायची. मी डबा भरत होते. मी उठले नाही. तिनं दुसऱ्या हाताचा अंगठा लावून बघितला. नखानं कागद फाडून बघितला.

मग तिनं पाकीट माझ्याकडं धरलं. “काढ. बोटाला काईच कळंना.”

मी गोळ्या काढल्या आणि तिच्या तळहातावर ठेवल्या. आल्यात का हाताला, हे तिला बघून घ्यावं लागलं. तिनं बघितलं, मूठ मिटली, परत उघडून एकदा बघितलं, आणि तोंडात टाकून वर पाणी प्यायली.

“कडू आहे का?” मी विचारलं.

“काई लागत न्हाई,” ती म्हणाली, आणि निवडायचं ताट पुढ्यात ओढलं.